ब्राझीलचं हिप-हॉप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राझिलियन रॅपबद्दल मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक, मग अडचणीचे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. पोर्तुगीज नावं शक्यतो तिथल्या उच्चाराला धरून लिहिली आहेत.

१. ब्राझील म्हटलं की साम्बा आणि फुटबॉल. तिथे हिप-हॉप आलं कुठून?

नाचातून आलं. १९७०च्या दशकात साओ पाउलोतली कृष्णवर्णीय मुलं-मुली सुट्टीच्या रात्री 'बाइली ब्लॅक' नावाच्या नाचाच्या कार्यक्रमांना जात. शिक शो, झिम्बाब्वे, ब्लॅक मॅड अशी मंडळं हे कार्यक्रम भरवत. स्वतःचे भलेमोठे स्पीकर लावायचे, एखाद्या क्लबचं सभागृह भाड्यानं घ्यायचं आणि अमेरिकेतून मिळवलेल्या सोल-फंकच्या तबकड्या वाजवायच्या. शिक शोनं तर १९७८मध्ये पाल्मेइरास क्लबच्या सभागृहात खुद्द जेम्स ब्राउनला आणलं होतं. पुढे त्याच वाटेनं न्यूयॉर्कचं रॅप पोचलं. इंग्रजी शब्द जवळजवळ कुणालाच कळत नव्हते, ठेका मात्र ओळखीचा होता. १९८४च्या सुमारास ब्रेकडान्सवरचे अमेरिकन चित्रपट लागले आणि पोरांनी ते पाहून अंगविक्षेप घोटवले.

न्यूयॉर्कमध्ये डीजे आधी, बाकीचं मागून. साओ पाउलोत पाय आधी हलले, तोंड नंतर उघडलं. पुढच्या बऱ्याच गोष्टी या क्रमामुळे समजतात.

२. सुरुवातीची जागा नेमकी कोणती? काही ठिकाणी एक रस्ता सांगतात, काही ठिकाणी मेट्रो स्टेशन.

दोन्ही बरोबर. आधी रस्ता, मग स्टेशन.

साओ पाउलोच्या जुन्या मध्यवस्तीत १९११ सालचं म्युनिसिपल थिएटर आहे, ऑपेरासाठी बांधलेलं, संगमरवर आणि झुंबरांचं. तिथून जवळच '२४ मे' नावाचा रस्ता लागतो. त्या रस्त्यावर, दों जोझे दे बारोस गल्लीच्या नाक्याला, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नेल्सन त्रिउन्फो आपल्या 'फंक इ सिआ' या चमूबरोबर नाचू लागला. हा मूळचा ईशान्येकडच्या पेर्नाम्बुको राज्यातल्या त्रिउन्फो गावचा. शिडशिडीत, उंच आणि डोक्यावर केसांचा प्रचंड टोप. मोठा टेपरेकॉर्डर फुटपाथवर ठेवायचा आणि नाचायचं. आसपासच्या कार्यालयांतली निरोपे पोरं जेवणाच्या सुट्टीत भोवती कोंडाळं करायची, त्यातली काही दुसऱ्या दिवशी नाचायला उतरायची.

देशात तेव्हा लष्करी राजवट होती. ती १९६४ला आली आणि १९८५पर्यंत टिकली. रस्त्यावरची गर्दी, तीही काळ्या पोरांची, पोलिसांना खपत नसे. दुकानदार तक्रार करत. पोलिस येऊन नोकरीचं कार्ड मागत. ते नसेल तर उनाडकीच्या कलमाखाली उचलून नेत. त्रिउन्फोला असं अनेकदा नेलं आणि तो पुन्हा त्याच नाक्यावर उभा राहिला.

या हुसकावणीला कंटाळून मंडळी थोड्या अंतरावरच्या साओ बेन्तो मेट्रो स्टेशनच्या आवारात सरकली. तिथली फरशी गुळगुळीत, म्हणजे डोक्यावर गिरकी घ्यायला झकास. शनिवारी शहरभरातून मुलं यायची. ताल हवा असेल तर कचऱ्याच्या पत्र्याच्या डब्यांवर हात चालायचे आणि त्यावर कुणीतरी यमकं जुळवायचं. ताईदे, डीजे हुम, पुढे जगभर गाजलेले भित्तिचित्रकार 'ओस जेमिओस' हे जुळे भाऊ, सगळे या फरशीवर घडले. १९८०चं दशक संपता संपता रॅप करणाऱ्यांना वेगळी जागा हवीशी वाटली. ते रूझवेल्ट चौकात जमू लागले आणि तिथे त्यांनी 'सिन्दिकातो नेग्रो' नावाची संघटना काढली.

३. ब्राझीलचं पहिलं रॅप गाणं कोणतं?

तारखेनं पाहिलं तर १९८०च्या सुमाराचं 'मेलो दो तागारेला'. अमेरिकेतल्या पहिल्या गाजलेल्या रॅपच्या चालीवर टीव्हीवरचा विनोदी सूत्रसंचालक मिएले यानं ते गंमत म्हणून गायलं होतं. वस्तीशी त्याचा काही संबंध नव्हता.

मी स्वतः सुरुवात १९८८पासून धरते. त्या वर्षी 'हिप-हॉप कुल्तुरा दे रुआ' हा संग्रह निघाला. ताईदे आणि डीजे हुम त्यातून घराघरांत पोचले. त्याच सुमारास झिम्बाब्वे मंडळानं 'कॉन्सिएन्सिया ब्लॅक' हा संग्रह काढला आणि त्यात रासिओनाइस एमसीज प्रथम ऐकू आले. नाचाचे कार्यक्रम भरवणारं मंडळच तबकड्या काढू लागलं, हे ध्यानात ठेवा. मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं राहायची पाळी या रॅपरांवर सुरुवातीला आली नाही ती यामुळे.

४. रिओचं बाइली फंक म्हणजेच हे हिप-हॉप ना?

नाही, पण चुलतभावंडं म्हणता येतील. रिओतही १९७०च्या दशकात सोलचे प्रचंड कार्यक्रम होत. १९७६मध्ये एका वर्तमानपत्रानं त्याला 'ब्लॅक रिओ' हे नाव दिलं. हजारो काळी माणसं केस वाढवून एकत्र नाचतायत याची लष्करी सरकारला एवढी धास्ती वाटली की गुप्तचर त्या कार्यक्रमांवर नजर ठेवू लागले.

पुढे वाटा फुटल्या. साओ पाउलोनं न्यूयॉर्कचं बोलकं रॅप उचललं, तर रिओनं मायामी शहराचा जलद, जड बास असलेला ठेका. त्या ठेक्यावर पोर्तुगीज शब्द चढवून डीजे मार्लबोरोनं १९८९मध्ये 'फंक ब्राझील' हा संग्रह काढला आणि फंक कारिओका, म्हणजे रिओचं फंक, उभं राहिलं. बरीच वर्षं साओ पाउलोचे रॅपर फंकला उथळ म्हणत आणि फंकवाले रॅपला रडकं. आता तो दुरावा बराच कमी झालाय, एकाच गाण्यात दोन्ही सापडतात.

५. ब्राझीलमध्ये सगळे रंग मिसळून राहतात, वर्णभेद नाही, असं आम्ही शाळेपासून ऐकलं. मग या रॅपमध्ये एवढा संताप कशाचा?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. अमेरिका खंडांत गुलामगिरी सर्वांत शेवटी संपली ती इथे, १३ मे १८८८ रोजी. सुटका झालेल्यांना ना जमीन मिळाली, ना शाळा, ना भरपाई. तरीही विसाव्या शतकात देशानं स्वतःबद्दल एक गोड समजूत रुजवली: आमच्यात इतकी सरमिसळ झाली आहे की इथे वर्णाचा प्रश्नच उरलेला नाही. वर्णाचं नाव काढणाराच फूट पाडतो, असा त्याचा दुसरा अर्थ. लष्करी राजवटीत तर तसं म्हणणं देशविरोधी ठरे.

७ जुलै १९७८ रोजी संयुक्त कृष्णवर्णीय चळवळीचे कार्यकर्ते म्युनिसिपल थिएटरच्या पायऱ्यांवर जमले आणि त्यांनी ही समजूत खोटी आहे असं उघड सांगितलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८८मध्ये, सरकारनं गुलामगिरी-मुक्तीची शताब्दी साजरी केली. त्याच वर्षी पहिले रॅप संग्रह बाजारात आले. शताब्दीच्या भाषणांत जे येत नव्हतं ते गाण्यांत होतं: पोलिस कुणाला आधी थांबवतात, बसमध्ये दोन तास कुणाचे जातात, शवागारात कुणाची पोरं असतात.

जेलेदेस या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संस्थेनं हे वेळीच ओळखलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं रॅपरांसाठी प्रकल्प चालवला. इतिहासाचे वर्ग, कायद्याचा सल्ला आणि 'पोजी क्रे!' हे मासिक. अनेक रॅपरांना पळालेल्या गुलामांची वसाहत पाल्मारेस आणि तिचा नेता झुंबी यांच्या बंडाचा इतिहास शाळेत नाही, इथे कळला.

आज कुणाला विचारलं तर आपण 'काळे' किंवा 'मिश्र' आहोत असं लोक मोकळेपणी सांगतात. २०२२च्या जनगणनेत १०.२ टक्के लोकांनी स्वतःला काळं आणि ४५.३ टक्के लोकांनी मिश्र म्हणून नोंदवलं. १९९१पासूनच्या जनगणनांत मिश्रांची संख्या गोऱ्यांहून प्रथमच अधिक भरली. हे सगळं एका संगीतामुळे झालं असं कुणी म्हणणार नाही. पण वस्तीतल्या पोराला ते शब्द तोंडपाठ झाले ते चळवळीच्या पत्रकांतून कमी आणि रॅपमधून जास्त, याबद्दल मला शंका नाही.

६. रासिओनाइस एमसीजचं नाव सगळे एवढ्या आदरानं का घेतात?

चौघे जण: मानो ब्राउन आणि आइस ब्लू शहराच्या दक्षिण टोकाकडच्या कापाओ रेदोन्दो भागातले, एडी रॉक आणि केएल जे उत्तरेकडचे. १९८८मध्ये एकत्र आले, १९९०मध्ये पहिली तबकडी, १९९३मध्ये 'रायो शीस दो ब्राझील'. १९९४मध्ये आन्यांगाबाऊच्या खुल्या मैदानातल्या कार्यक्रमात पोलिसांनी त्यांना गाण्यातल्या शब्दांसाठी रंगमंचावरच ताब्यात घेतलं.

आणि मग १९९७चा 'सोब्रेव्हिव्हेन्दो नो इन्फेर्नो', म्हणजे 'नरकात जिवंत राहताना'. काळ्या मुखपृष्ठावर क्रूस आणि बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राची ओळ. सुरुवात संत जॉर्जच्या प्रार्थनेनं, जो आफ्रिकी परंपरेत ओगुन या देवाशी जोडला जातो. लगेच पुढच्या गाण्याआधी एक थंड आवाज आकडे वाचून दाखवतो: पोलिसांच्या हातून मरणाऱ्या दर चौघांत तिघे काळे, विद्यापीठांत काळे विद्यार्थी फक्त २ टक्के. प्रवचन, बखर आणि पोलिसचौकीची नोंदवही एकाच वेळी ऐकल्यासारखं वाटतं. स्वतःच्याच कंपनीतून काढलेल्या या अल्बमच्या १५ लाखांच्या घरात प्रती खपल्याचं सांगितलं जातं.

७. त्यातलं तुरुंगाचं गाणं खऱ्या घटनेवर आहे का?

हो. २ ऑक्टोबर १९९२ रोजी साओ पाउलोच्या कारांदिरू तुरुंगात कैद्यांच्या भांडणानंतर लष्करी पोलिस नवव्या इमारतीत घुसले आणि १११ कैदी मारले गेले. एकही पोलिस मेला नाही.

'दिआरिओ दे उम देतेन्तो' हे गाणं मानो ब्राउननं आणि झोसेनिर या त्याच तुरुंगातल्या कैद्यानं मिळून लिहिलं. ऐकताना एक बारीक गोष्ट पाहा. गाणं कत्तलीपासून सुरू होत नाही. सुरू होतं आदल्या दिवशी, १ ऑक्टोबरला, सकाळी आठ वाजता. पहारेकरी मनोऱ्यावर उभा आहे, कैदी दिवस मोजतोय, घड्याळ पुढे सरकत नाही. बाहेरून मेट्रो जाते आणि डब्यातले लोक घाईत आपापल्या कामाला निघालेत. ऐकणाऱ्याला उद्याची तारीख ठाऊक असते, कैद्याला नसते. सात मिनिटांहून लांब, धृपद नसलेल्या या गाण्याचा व्हिडिओ १९९८मध्ये एमटीव्ही ब्राझीलच्या प्रेक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम म्हणून निवडला.

तुरुंगाच्या आतूनही रॅप आलं. डेक्स्टर आणि आफ्रो-एक्स यांनी आपल्या कोठडीचाच क्रमांक गटाला दिला: ५०९-ई. कारांदिरू २००२मध्ये रिकामा करून बराचसा पाडला; आज तिथे उद्यान आहे.

८. टीव्हीवर न जाता एवढा खप कसा झाला?

रासिओनाइस अनेक वर्षं ग्लोबो या सर्वांत मोठ्या वाहिनीकडे फिरकले नाहीत. प्रसार झाला तो वस्त्यांतल्या कार्यक्रमांतून, शहरातल्या छोट्या रेडिओ केंद्रांतून, '२४ मे'वरच्या काळ्या संगीताच्या दुकानांतून आणि अर्थात नकली कॅसेट-सीडीतून.

पुढच्या पिढीनं हेच आणखी नेटानं केलं. एमिसिदा सान्ता क्रूझ मेट्रोबाहेरच्या शीघ्रकवनाच्या लढतींतून वर आला. २००९मध्ये त्यानं भाऊ एव्हान्द्रो फिओतीबरोबर घरीच सीड्या तयार करून, पाकिटावर शिक्के मारून त्या २ रेआलला हातोहात विकल्या. त्यातून 'लाबोरातोरिओ फान्तास्मा' ही कंपनी उभी राहिली.

९. समाजावर खरंच काही परिणाम झाला, की नुसती गाणी?

ठोस गोष्टी सांगते.

साओ पाउलोलगतच्या दियादेमा शहरात १९९९मध्ये पालिकेच्या मदतीनं 'हिप-हॉप घर' सुरू झालं. ज्याला पोलिस नाक्यावरून उचलत होते तो नेल्सन त्रिउन्फो तिथे मुलांना शिकवू लागला.

साहित्यात कापाओ रेदोन्दोच्या फेर्रेझनं आणि 'कूपेरिफा' हे काव्यवाचनाचे अड्डे सुरू करणाऱ्या सेर्जिओ वाझनं रॅपचा वारसा पुस्तकांत आणला. २००१पासून वस्तीतल्या बारमध्ये दर आठवड्याला गवंडी, मोलकरणी, शिक्षक स्वतःच्या कविता वाचू लागले. तसे अड्डे मग शहरभर झाले.

शिक्षणात, २०१२च्या कायद्यानं केंद्रीय विद्यापीठांत सरकारी शाळांतल्या, काळ्या आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवल्या. २०१८मध्ये कांपिनास विद्यापीठानं २०२०च्या प्रवेशपरीक्षेसाठी वाचनयादी काढली तेव्हा कवितेच्या सदरात सोळाव्या शतकातल्या कामोइंशच्या सुनीतांशेजारी 'सोब्रेव्हिव्हेन्दो नो इन्फेर्नो' होता. दोन टक्क्यांचा आकडा ज्यात ऐकवला होता तोच अल्बम.

राजकारणात रॅपर सहसा डावीकडे, पण कुणाच्या खिशात नाहीत. ऑक्टोबर २०१८मध्ये रिओत कामगार पक्षाच्या प्रचारसभेत मानो ब्राउनला बोलायला बोलावलं. त्यानं व्यासपीठावरूनच पक्षाला सुनावलं की लोकांची भाषा बोलता येत नसेल तर हराल, आधी वस्तीत परत जा. काहींनी हुर्यो केली. पक्ष ती निवडणूक हरला.

आणि २७ नोव्हेंबर २०१९ रोजी एमिसिदानं आपल्या 'आमारेलो' या अल्बमचा कार्यक्रम त्याच म्युनिसिपल थिएटरमध्ये केला. प्रेक्षकांत १९७८च्या पायऱ्यांवरचे कार्यकर्ते बसले होते. त्यानं त्यांना उभं राहायला लावून सगळ्या सभागृहाकडून टाळ्या मिळवून दिल्या.

१०. साओ पाउलोच्या बाहेर काय आहे?

पुष्कळ. राजधानी ब्राझिलियाजवळचं सेइलान्दिया १९७१मध्ये झोपडपट्ट्या हटवून तिथल्या लोकांना दूर नेऊन वसवलेलं गाव आहे. आखीव राजधानीच्या सावलीतून कांबिओ नेग्रो या गटाचं कडक रॅप आलं. त्याच राजधानी-प्रदेशातला जीओजी आजही कवी म्हणून वाचला जातो. बेलो ओरिझोन्तेत २००७पासून सान्ता तेरेझा पुलाखाली शीघ्रकवनाच्या लढती भरतात. बाहियातून बाको एक्झू दो ब्लूझ आला.

रेसिफे शहराचं प्रकरण मला विशेष आवडतं. ईशान्येत दोन गायकांनी डफासारखं पांदेइरो वाजवत एकमेकांवर कुरघोडी करायची एंबोलादा ही जुनी परंपरा आहे, आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या जातीची. फासेस दो सुबुर्बिओ या गटानं रॅप आणि एंबोलादा एकत्र बांधलं.

११. यात बायका कुठे आहेत?

पहिल्या दिवसापासून आहेत, मागे ढकलल्या गेल्या. शारिलेन १९८०च्या दशकातच साओ बेन्तोत रॅप करत होती आणि 'कॉन्सिएन्सिया ब्लॅक'मध्ये (पाहा ३) तिचं गाणं आहे. दिना दी तुरुंग, गरिबी, मातृत्व यांवर अशा धारेनं लिहायची की पुरुष गप्प होत; २०१०मध्ये बाळंतपणानंतरच्या संसर्गानं ती गेली. मग नेग्रा ली, कारोल कोंका, द्रिक बार्बोझा, ताशा इ त्रेसी. २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनात कारोल कोंकाबरोबर १२ वर्षांची एमसी सोफिया गायली.

रासिओनाइसच्या जुन्या गाण्यांत बायकांबद्दल जे आहे ते आज ऐकवत नाही. ब्राउननं स्वतः काही गाणी गाणं सोडलं आहे, आणि हे बदलायला भाग पाडलं ते या बायकांनी आणि जेलेदेसनं.

१२. ही गाणी गुन्हेगारीचं उदात्तीकरण करतात, असा आरोप आहे. खरं काय?

आरोप कोर्टापर्यंत गेला. २०००मध्ये फासाओं सेन्त्राल या रॅप गटाचा एक व्हिडिओ गुन्ह्याला चिथावणी देतो म्हणून बंद पाडला. १९९७मध्ये प्लॅनेट हेम्पच्या सदस्यांना गांजाच्या गाण्यांसाठी ब्राझिलियात अटक झाली.

गाणी नीट ऐकली तर दिसतं की दरोडेखोर बोलतो, पण शेवटी तो मरतो किंवा आत जातो आणि त्याची आई रडते. साबोताज आधी अमली पदार्थांच्या धंद्यात होता. रॅपनं त्याला बाहेर काढलं आणि २०००च्या त्याच्या अल्बमचं नावच 'रॅप म्हणजे बांधिलकी' असं आहे. २४ जानेवारी २००३ रोजी त्याला गोळ्या घालून मारलं, वय २९. त्याची गाणी ऐकून कुणी गुन्ह्याकडे वळेल हे मला पटत नाही.

१३. भिंतींवरची चित्रं आणि ती काळी टोकदार अक्षरं एकाच लोकांची का?

सहसा नाही. चित्रं म्हणजे ग्राफिती, हिप-हॉपचा भाग. उंच इमारतींवरची टोकदार अक्षरं म्हणजे पिशासाओं. ते साओ पाउलोचं स्वतःचं, हेवी मेटलच्या अल्बमांवरील अक्षरांवरून घडलेलं. २०११च्या कायद्यानं मालकाच्या परवानगीची ग्राफिती गुन्ह्यातून वगळली. पिशासाओं अजून गुन्हाच आहे.

१४. गाब्रिएल ओ पेन्सादोर गोरा, सुखवस्तू घरातला. त्याला यात धरायचं का?

धरायचं, पण वेगळ्या ओळीत. १९९२मध्ये राष्ट्राध्यक्ष कोलोरवरचं त्याचं गाणं रेडिओवर गाजलं आणि लगेच बंद केलं गेलं. मध्यमवर्गानं रॅप ऐकायला सुरुवात केली त्यात त्याचा मोठा वाटा आहे आणि वर्णद्वेषावर त्यानं खुलेपणी लिहिलं. वस्तीतल्या रॅपरांना मात्र खटकायचं की तेच म्हणणं गोऱ्या तोंडून आलं की वाहिन्यांची दारं उघडतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१५. पोर्तुगीजमध्ये नसलेलं ब्राझिलियन रॅप असतं का?

असतं. मातो ग्रोसो दो सुल राज्यात दोरादोस शहरालगत ग्वारानी-कायोवा आदिवासींची दाटीवाटीची राखीव वस्ती आहे; आसपासची जमीन सोयाबीनच्या आणि उसाच्या मोठ्या शेतमालकांकडे. तिथल्या तरुणांनी २००९मध्ये ब्रो एमसीज काढलं आणि ते ग्वारानी आणि पोर्तुगीज मिसळून गातात. जमीन, मारले गेलेले पुढारी, तरुणांच्या आत्महत्या हे त्यांचे विषय. २०२२मध्ये रॉक इन रिओच्या मंचावर ते गायले. 'काळ्या वस्तीचं संगीत' या प्रश्न ५मधल्या चौकटीत ते बसत नाहीत, आणि त्यांनी बसायची गरजही नाही.

१६. मुंबईच्या गल्ली रॅपशी याचा संबंध आहे का? आणि पोर्तुगीज येत नसेल तर कुठून सुरू करू?

थेट संबंध नाही. दोघांनी न्यूयॉर्ककडून आपापल्या काळात घेतलं. गोव्यातल्या ज्या घरांत जुनी माणसं अजून पोर्तुगीज वाचतात त्यांना शब्द बरेचसे लागतील, वस्तीची बोली मात्र त्यांनाही अडेल.

सुरुवात साबोताजपासून करा, त्याचा आवाज भाषा न कळताही धरून ठेवतो. मग एमिसिदाचा 'आमारेलो'. रासिओनाइसकडे वळाल तेव्हा शब्दांचं भाषांतर समोर उघडं ठेवा आणि कारांदिरूचं गाणं अर्ध्यात थांबवू नका.